अपघात की घातपात?

रेल्वेचे डबे रुळांवरून घसरले की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रात एक प्रश्न हमखास छापून येतो : अपघात की घातपात? मथळा इतका सवयीचा झाला आहे की त्यातल्या दोन्ही शब्दांत एकच 'घात' बसला आहे, याकडे आपले लक्षही जात नाही. पहिल्या शब्दात घात आहे, पण करणारा कोणी नाही. दुसऱ्यात करणारा आहे, फक्त अजून सापडलेला नाही. हाच दुसरा शब्द गुन्हेगारीच्या पानावरही भेटतो. विहिरीत प्रेत सापडले, की 'घातपाताचा संशय' व्यक्त होतो. म्हणजे रूळ उखडणे आणि माणूस मारणे या दोन वेगळ्या गोष्टींना मराठीने एकच नाव दिले आहे.

यातल्या पहिल्या अर्थामागे इंग्रजीतला 'सॅबोटाज' हा शब्द उभा आहे. १९४२च्या आंदोलनाविषयी कधी इंग्रजीत, कधी मराठीत वाचताना हा शब्द मला वारंवार अडवत आला. इंग्रजी पुस्तकात वाचले की अमुक गावच्या तरुणांनी सॅबोटाज केला, तर डोळ्यांसमोर तुटलेली तार येते. तेच वाक्य मराठीत 'घातपात केला' असे वाचले, की कोणाचा तरी जीव गेला असे वाटते. कृत्य तेच, आरोपी तेच. मधे फक्त शब्द बदलला. म्हणून या शब्दाच्या मागे जाऊन पाहावेसे वाटले.

शब्द मुळात फ्रेंच. 'साबो' म्हणजे लाकडी जोडा, खेडुतांच्या आणि गरिबांच्या पायातला. त्यावरून क्रियापद झाले 'साबोते'. त्याचा एक अर्थ जोडे खडखडवत चालणे, आणि दुसरा, काम गबाळेपणाने उरकणे, बिघडवून ठेवणे. शहरी माणसाने खेडवळ माणसाच्या कामाला दिलेले ते हिणवणीचे नाव होते. पुढे एक लोकप्रिय गोष्ट त्याला चिकटली. यंत्रमाग आल्यावर चिडलेल्या विणकरांनी पायातले लाकडी जोडे काढून यंत्रात फेकले, आणि म्हणून हा शब्द आला, अशी ती गोष्ट. ती चित्रपटांतून आणि भाषणांतून जगभर फिरली, पण शब्दाच्या जन्माशी तिचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. तरी ती टिकली, कारण तिच्यात एक चित्र आहे. आपल्याकडे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले, तेव्हाही असेच घडले. गुन्हेगारांच्या तळपायाला घोड्याच्या नालासारखी पत्री ठोकतात म्हणून पत्री सरकार, अशी कथा गावोगाव सांगितली जाई. 'प्रति'चा 'पत्री' होणे ही बोलण्यातली साधी उलटापालट आहे, पण लोकांना पायाची गोष्ट अधिक पटली. दोन देशांतल्या दोन बंडांच्या नावांना जोड्या-नालांच्याच कथा चिकटाव्यात, हा योगायोग मला मोठा मजेशीर वाटतो.

खरी कथा कमी चित्रमय आहे, पण जास्त बोलकी आहे. ती सुरू होते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोदीत, १८८९ साली. गोदी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी त्यांच्या जागी शेतमजूर आणले. त्या बिचाऱ्यांना गोदीचे काम ठाऊक नव्हते. माल पडे, फुटे, वेळ लागे. संप फसला आणि जुने कामगार जुन्याच मजुरीवर परत निघाले. तेव्हा त्यांच्या संघटनेच्या चिटणिसाने त्यांना सल्ला दिला तो असा : मालक त्या शेतमजुरांच्या कामावर समाधानी होते म्हणतात, तर आपणही त्यांच्यासारखेच काम करू. काही दिवसांत मालकांनी मजुरी वाढवून दिली. स्कॉट बोलीत या युक्तीला 'का कॅनी' म्हणत, म्हणजे बेताने घ्या, जपून चाला.

फ्रान्समधल्या कामगार चळवळीतला पत्रकार एमिल पूजे याला ही युक्ती फार आवडली. १८९७ साली तुलूझ शहरात फ्रेंच कामगारांच्या महासंघाचे अधिवेशन भरले, तेव्हा बहिष्कार आणि 'सॅबोटाज' या दोन हत्यारांची शिफारस करणारा अहवाल तिथे मंजूर झाला. हिणवणीचा शब्द कामगारांनी स्वतः उचलून आपल्या झेंड्यावर घेतला. पूजेचा हिशेब सरळ होता. श्रम हा बाजारातला माल असेल, तर कमी दामाला हलका माल मिळणार. व्यापारी हेच करतो, मग मजुराने का करू नये?

पुढे त्याने या विषयावर पुस्तिका लिहिली. तिच्यात यंत्र बिघडवण्याच्या युक्त्या आहेत, पण मला थांबवले ते दुसऱ्याच एका प्रकाराने. पूजे त्याला 'उघडे तोंड' म्हणतो. दुकानातल्या नोकराने गिऱ्हाइकाला मालातली भेसळ खरी खरी सांगायची. काही मोडायचे नाही, फोडायचे नाही, नुसते खरे बोलायचे, आणि धंदा त्यानेच बसतो. सगळे नियम अक्षरशः पाळून काम ठप्प करणे हाही त्याच्या मते सॅबोटाजच. आपल्या सरकारी कचेऱ्यांना आणि रेल्वेला 'नियमानुसार काम' हे आंदोलन चांगले परिचित आहे. नियम पाळल्याने काम बंद पडते हे मालक आणि नोकर दोघांनाही ठाऊक असते, यातच त्याचा विनोद आहे. सांगायचे ते इतकेच की या शब्दाच्या पहिल्या अर्थात प्रेत नव्हते, बाँब नव्हता, बहुतेक वेळा मोडतोडही नव्हती. होते ते हातचे राखून केलेले काम.

१९१०च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये रेल्वेचा मोठा संप झाला. पंतप्रधान ब्रियाँ हे एकेकाळी स्वतः सार्वत्रिक संपाचे पुरस्कर्ते होते. त्यांनी संपकऱ्यांना लष्करी सेवेचे हुकूम पाठवून संप मोडला. तारा तोडल्याच्या आणि सिग्नल बिघडवल्याच्या बातम्या इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत झळकल्या, आणि सुमारे याच काळात हा शब्द इंग्रजीत स्थिरावला. शब्दाने खाडी ओलांडली तेव्हा तो वापरणारा बदलला. फ्रान्समध्ये 'आम्ही सॅबोटाज करू' असे कामगार म्हणत होता. इंग्रजीत 'त्यांनी सॅबोटाज केला' असे वर्तमानपत्र म्हणू लागले. सर्वनाम बदलले आणि शब्द आरोप झाला.

अमेरिकेत काही काळ त्याला परत मिळवण्याची धडपड झाली. पूजेची पुस्तिका इंग्रजीत आणली ती आर्तुरो जोव्हानित्ती या कवीने. तिची प्रस्तावना त्याने १९१२ साली लॉरेन्सच्या तुरुंगात असताना लिहिली. एलिझाबेथ गर्ली फ्लिन या कामगार कार्यकर्तीनेही या विषयावर पुस्तिका लिहिली. सॅबोटाज म्हणजे कामगाराने आपली कार्यक्षमता जाणूनबुजून काढून घेणे, अशी तिची मांडणी होती. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने ही व्याख्या उचलली आणि उलट दिशेला फिरवली. भाव चढे राहावेत म्हणून कारखानदार मुद्दाम उत्पादन कमी ठेवतो, तोही सॅबोटाजच नव्हे काय, असे त्याने विचारले. या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९१८ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेने सॅबोटाज कायदाच केला. कमी काम करण्याचा अर्थ मागे पडला, आणि शत्रूसाठी देशाच्या साधनांचा नाश करणे एवढाच अर्थ पुढे आला.

आपल्याकडे हा शब्द मोठ्या प्रमाणावर आला तो दुसऱ्या महायुद्धात. त्याआधी इंग्रजी राजवटीच्या कायद्याला मालमत्तेच्या नुकसानीसाठी वेगळा शब्द होता. १८६०च्या दंडसंहितेतल्या कलम ४२५ मधला 'मिसचिफ'. घरात हाच इंग्रजी शब्द मुलाच्या खोडीला वापरतात. कायद्याच्या मराठीत त्याला 'आगळीक' म्हटले गेले, हिंदीत 'रिष्टि'. साध्या आगळिकीला जास्तीत जास्त तीन महिन्यांची कैद होती. तार तोडणे हे खोडीच्या कुळातले होते, ते युद्धकाळात शत्रूला मदत करण्याच्या कुळात जाऊन बसले.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेत्यांची धरपकड झाली आणि देश पेटला. १९४३ अखेरपर्यंतचे सरकारी आकडे असे : २०८ पोलीस चौक्या, ३३२ रेल्वे स्थानके आणि ९४५ टपाल कचेऱ्या नष्ट झाल्या किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले, ६६४ बाँबस्फोट झाले, ९१,८३६ लोकांना अटक झाली. याच सरकारी हिशेबाप्रमाणे पोलीस आणि लष्कराच्या गोळीबारात हजाराहून अधिक माणसे मेली. जमावाच्या हातूनही माणसे मेली. बिहारमध्ये फतुहा स्थानकावर हवाई दलाचे दोन अधिकारी मारले गेले. हे लपवून त्या काळाविषयी लिहिता येणार नाही. पण आकड्यांकडे नीट पाहिले तर लोकांचा रोख कशावर होता हे दिसते. तो स्थानकांवर, तारांवर आणि टपालावर होता. राज्य ज्या दोऱ्यांनी बांधलेले होते, त्या दोऱ्यांवर.

फेब्रुवारी १९४३ हा महिना या शब्दाच्या इतिहासात मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात हिंदुस्थान सरकारने एक पुस्तिका प्रसिद्ध करून १९४२च्या दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर आणि गांधींवर टाकली. त्याच महिन्यात, १० तारखेला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यामागे हाच वाद होता : या नाशाला जबाबदार कोण? आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, २७ तारखेच्या रात्री, नॉर्वेच्या व्हेमॉर्क येथे ब्रिटनने शिकवून पाठवलेल्या नॉर्वेजियन तरुणांनी जर्मनांच्या ताब्यातला जड पाण्याचा कारखाना उडवला. त्या हल्ल्यात एकही जीव गेला नाही. आजही इंग्रजी पुस्तके त्याला सॅबोटाजचा आदर्श नमुना मानतात. एकाच साम्राज्याच्या तोंडात एकाच वेळी हा शब्द शौर्याचाही होता आणि गुन्ह्याचाही. फरक एवढाच, की नॉर्वेत कारखाना ताब्यात ठेवणारा परका होता आणि हिंदुस्थानात रेल्वे ताब्यात ठेवणारा तो स्वतः. पुढच्या वर्षी जड पाणी जर्मनीला नेणारी बोट टिन सरोवरात बुडवण्यात आली. तिच्यावरचे साधे नॉर्वेजियन उतारूही त्यात बुडाले. तरीही नाव बदलले नाही.

आपल्या बाजूलाही एकमत नव्हते. नेते तुरुंगात गेल्यावर 'हरिजन'चे काम पाहणाऱ्या किशोरलाल मशरूवालांनी ऑगस्ट १९४२ मध्ये लिहिले, की कोणाच्या जिवाला धोका होणार नाही याची पुरती काळजी घेतली, तर तारा तोडणे, रूळ काढणे अहिंसेत बसू शकते. सरकारी पुस्तिकेने हेच लेखन पुरावा म्हणून पुढे केले. १९४४ साली सुटून आल्यावर गांधींनी मात्र आपले मत स्पष्ट केले : मालमत्तेचा नाश हीही हिंसाच, आणि गुप्तता हे पाप. भूमिगतांनी बाहेर यावे असे त्यांनी सांगितले. साताऱ्याने ते त्या वेळी फारसे मानले नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालचे प्रतिसरकार न्यायदान करत होते, बाजार चालवत होते. जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून पैसे नेले होते. ज्यांनी हे केले त्यांच्या आठवणी वाचताना मला 'घातपात' हा शब्द क्वचितच दिसतो. भेटतात ती क्रियापदे : तारा तोडल्या, गाडी अडवली, बंगला जाळला. करणाऱ्याला नामाची गरज पडत नाही. नाम लागते ते खटला भरणाऱ्याला.

जीव आणि मालमत्ता यांतली रेघ कुठे ओढायची, हा गांधी-मशरूवालांचा प्रश्न वीस वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत पुन्हा उभा राहिला. डिसेंबर १९६१ मध्ये नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'उमखाँतो वे सिझवे' ही संघटना स्थापून वीजवाहिन्या आणि सरकारी इमारतींवर हल्ले सुरू केले. १९६२ साली तिथल्या सरकारने सॅबोटाजसाठी फाशीपर्यंतची शिक्षा ठेवणारा कायदा केला. रिव्होनिया खटल्यात मंडेलांनी सॅबोटाजची आखणी केल्याचे नाकारले नाही. त्यांनी शब्द स्वीकारला आणि त्याचा अर्थ समजावून दिला : हिंसेचे जे प्रकार शक्य होते, त्यांतला हा प्रकार आम्ही निवडला तो माणसे मरू नयेत म्हणून आणि पुढे दोन वंशांत समेटाला जागा राहावी म्हणून. जून १९६४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. पूजेनंतर, आरोपीच्या पिंजऱ्यातून हा शब्द इतक्या स्वच्छपणे आपला म्हणणारे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता आपल्या भाषांकडे वळतो. एका परक्या शब्दाला भारतीय भाषांनी जी नावे दिली ती एका रांगेत ठेवली, की प्रत्येक भाषेला त्या कृत्यात काय दिसले ते कळते. गुजरातीत 'भांगफोड', हिंदीत 'तोड़फोड़' : डोळ्यांना दिसते तेवढेच सांगितले, हेतूचा निवाडा केला नाही. बंगालीत 'अंतर्घात' : घाव आतून झाला आहे, घरातल्याने केला आहे. तेलुगूत 'विद्रोह चर्य' : कृत्याच्या नावातच द्रोहाचा ठपका. कन्नडमध्ये 'विध्वंसक कृत्य'. मल्याळममध्ये 'अट्टिमरि' : रचलेले उलथून टाकणे. हाच शब्द दुबळ्या संघाने बलाढ्य संघाला हरवले तरी वापरतात, त्यामुळे त्यात थोडा आनंदही आहे. तमिळमध्ये 'नासवेलै', म्हणजे नाशाचे काम. या रांगेत रोजच्या 'कामा'चा साधा शब्द जपणारा हा एकच. उर्दूत 'तखरीबकारी'. त्याचे मूळ अरबी 'खराब' या शब्दाच्या घराण्यात आहे. काम खराब करणे हाच तर 'साबोते'चा पहिला अर्थ होता, म्हणजे फ्रेंच मुळाच्या सर्वांत जवळ, बहुधा नकळत, उर्दू पोचली. तो 'खराब' मराठीतही आहे. अगदी सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून, जिथे पीक घेता येत नाही त्या जमिनीसाठी.

मराठीजवळ शब्द कमी नव्हते. मोडतोड होती, नासधूस होती, बिघाड होता. तरी तिने 'घातपात' निवडला. 'घात' म्हणजे वार आणि 'घात' म्हणजे दगाही. विश्वासघातातला, आत्मघातातला तोच. 'पात' म्हणजे पडणे, पाडणे. या जोडीत यंत्र नाही, तार नाही, काम तर नाहीच. आहे ते शरीर. शत्रूने रेल्वे उडवण्याच्या, गाडीभर माणसे मारण्याच्या कृत्याला हा शब्द चपखल बसतो. रात्री टपाल कचेरीतली कागदपत्रे जाळणाऱ्या शाळकरी पोराला तो बसत नाही.

यातून काय बिघडते? स्वातंत्र्यानंतरच्या दोन गोष्टी सांगतो. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. पात्रतेसाठी निदान सहा महिन्यांचा तुरुंगवास दाखवायचा, किंवा भूमिगत असल्यास फरारी घोषित झाल्याचा, डोक्यावर इनाम लागल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा पुरावा द्यायचा. म्हणजे ज्या कागदाने इंग्रजांनी आरोपी ठरवले, तोच कागद तीस वर्षांनी सन्मानाचा दाखला झाला. ज्यांचे नाव इंग्रजांच्या दप्तरात चढलेच नाही, ज्यांनी काम इतके चोख केले की पकडले गेले नाहीत, त्यांच्यापाशी दाखवायला काही उरले नाही. आरोपाचा शब्द नसेल तर गौरवाचाही शब्द मिळत नव्हता.

दुसरी गोष्ट आणीबाणीतली. जॉर्ज फर्नांडिस यांना जून १९७६ मध्ये अटक झाली, आणि सुरुंगाच्या दारूने रूळ व सरकारी इमारती उडवण्याच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. हा बडोदा डायनामाइट खटला. तुरुंगातूनच ते १९७७ साली मुझफ्फरपूरमधून प्रचंड मतांनी निवडून आले, खटला मागे घेतला गेला, आणि १९८९ साली ते देशाचे रेल्वेमंत्री झाले. खटला पूर्ण न झाल्याने त्या आरोपाचा न्यायालयीन निवाडा कधी झालाच नाही. निवाडा मतदारांनी केला, आणि तो कृत्याचा नव्हता, काळाचा होता.

या सगळ्यामुळे 'घातपात' हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. गाडीत बाँब ठेवून माणसे मारली जातात तेव्हा त्याहून सौम्य शब्द वापरणे हा मेलेल्यांचा अपमान होईल. पण इतिहास लिहिताना, आणि विशेषतः एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना, मी आता एक शिस्त पाळतो. आधी क्रियापद लिहितो, मग आकडा, आणि नाम सर्वांत शेवटी. काय तोडले, कोणाचे होते, किती माणसे दगावली, तोडणाऱ्याने माणसे वाचवायची काळजी घेतली होती का, हे आधी सांगायचे. मग ज्याने त्या कृत्याला नाव दिले त्याचे नाव घेऊन ते नाव सांगायचे : सरकारने याला घातपात म्हटले, करणाऱ्यांनी लढा म्हटला. वाक्य लांबते, थोडे बोजड होते. पण तार तोडणाऱ्याच्या अंगावर न केलेला खून चढत नाही, आणि खून करणाऱ्याला तार तोडल्याच्या आडोशाला लपता येत नाही.

मथळा लिहिणाऱ्याला मात्र एवढी जागा नसते. दोनच शब्द असतात आणि सकाळ व्हायच्या आत निवड करायची असते. तीही चौकशी सुरू होण्याआधी.